रामलिंगचे ओसाड स्थानक आणि आष्टीची नवी गाडी

(आष्टी येथील नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आष्टीला रेल्वे आली, या घटनेचा आनंद अद्याप ताजा आहे. अशा वेळी ओसाड पडलेल्या एका स्थानकाची कथा सांगणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घरात नुकतेच बाळ जन्माला आले आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनीच बाळाच्या आरोग्याची चिंता वाहायची असते. रेल्वेच्या स्थानकालाही आयुष्य असते. ते जन्मते, वाढते आणि कधी कधी मरतेही. ते का मरते, हे ज्याला कळले, त्यालाच आपले स्थानक जगवता येते. म्हणून आजच्या विषयाची सुरुवात आष्टीपासून नव्हे, तर याच बालाघाटच्या डोंगररांगेच्या दुसऱ्या टोकापासून, रामलिंगच्या घाटापासून करावयाची आहे.

रामलिंगचा घाट

धाराशिव जिल्ह्यातील येडशीजवळ दाट झाडीत, दरीच्या कुशीत रामलिंगाचे प्राचीन शिवमंदिर आहे. सीताहरणाच्या वेळी जटायूने रावणाला याच परिसरात अडविले आणि प्रभू रामचंद्रांनी येथे शिवाची पूजा केली, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. श्रावणात येथे दर्शनाला मोठी गर्दी होते. एके काळी या गर्दीला आणणारी एक चिमुकली आगगाडी होती. घाटात रामलिंग या नावाचे स्थानक होते. पांगरीकडून येणारी गाडी वळणे घेत घाट चढे आणि येडशीकडे निघून जाई. आज त्या वाटेवर रूळ नाहीत. मातीचा भराव आणि पुलांचे अवशेष एवढ्यावरूनच गाडीची वाट ओळखावी लागते.

ही गाडी म्हणजे सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या तोंडी असलेली 'बार्शी लाइट'. तिचा इतिहास आष्टीकरांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे.

कॅलथ्रॉपचा हिशेब

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई–सोलापूर हा मोठा लोहमार्ग बार्शीपासून दूर अंतरावरून गेला होता. बार्शी ही त्या काळी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. निजामाच्या मुलखातून बैलगाड्यांनी माल बार्शीत येई आणि तेथून पुन्हा बैलगाड्यांनीच 'बार्शी रोड' म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकावर जाई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर बैलांचे काय हाल होत असतील, हे मराठवाड्यातील माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही.

कॅलथ्रॉपने हे पाहिले आणि एक साधा विचार मांडला. मोठ्या रुंदीचा लोहमार्ग या भागाला परवडणारा नाही. मग परवडेल असा मार्ग का बांधू नये? त्याने रुळांमधील अंतर केवळ अडीच फूट ठेवले. पण त्याची खरी हुशारी रुंदीत नव्हती, वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. रूळ हलके म्हणून पूल हलके, पूल हलके म्हणून खर्च कमी. मात्र डबे त्याने ऐसपैस बांधले. लीड्स येथील किटसन कारखान्यात इंजिने तयार झाली आणि लीड्सजवळच तात्पुरते रूळ टाकून गाड्यांची जाहीर चाचणी घेण्यात आली. 1895 मध्ये कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा 21 मैलांचा मार्ग सुरू झाला.

1906 साली गाडी पंढरपूरला पोहोचली, 1911 मध्ये रामलिंगचा घाट ओलांडून लातूरला गेली आणि 1927 मध्ये मिरजेला भिडली. एकंदर लांबी 202 मैल, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. ही परक्यांची कंपनी होती. येथील शेतकऱ्याचे कल्याण हा तिचा हेतू नव्हता, कापसाची वाहतूक आणि भागधारकांचा नफा हा तिचा हेतू होता. परंतु गाडी धावू लागली, तेव्हा समाजाने ती आपली करून घेतली. पंढरीची एकादशी आणि बार्शीच्या भगवंताची द्वादशी साधणारा वारकरी या गाडीत बसला. परकीयांनी बांधलेल्या रुळांवर विठ्ठलाचा गजर चालू लागला. साधन कोणी निर्माण केले यापेक्षा समाज त्याचा उपयोग कशासाठी करतो, याला आपल्या परंपरेत अधिक महत्त्व आहे. हिशेबीपणा कॅलथ्रॉपकडून घ्यावा, उद्दिष्ट मात्र आपले असावे.

निजामाच्या हद्दीतील रूळ

बार्शी इंग्रजांच्या ताब्यातील सोलापूर जिल्ह्यात आणि येडशी, तडवळे, लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे ही गाडी दोन सत्तांच्या सीमेवरून ये-जा करीत होती. गाडी सीमा ओलांडते तेव्हा केवळ कापसाच्या गाठीच सीमा ओलांडत नाहीत. वर्तमानपत्रे, विचार आणि माणसेही ओलांडतात.

निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर बंधने होती. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशीच एक शाळा धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे होती. स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिक्षक म्हणून आले, तेथेच त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे आपल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालयाच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. 1938-39 साली आर्य समाजाने आणि हिंदू महासभेने निजामाच्या धार्मिक दडपशाहीविरुद्ध सत्याग्रह पुकारला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून तुकड्या आल्या. त्या लढ्याची परिषद डिसेंबर 1938 मध्ये सोलापुरात भरली होती.

याच मार्गावरील कसबे तडवळे या गावी फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला उपस्थित होते. समाजातील दोन उपेक्षित बांधवांना एका मांडवाखाली आणणारी ही परिषद निजामाच्या राज्यातील एका खेड्यात व्हावी, ही सामाजिक समरसतेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. इतिहासाच्या पुस्तकात परिषदेला कदाचित एखादी ओळ मिळेल, पण तडवळ्याच्या मातीत ती आठवण जपली गेली आहे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने नळदुर्गकडे मुसंडी मारली आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सीमेवरून धावणाऱ्या गाडीखालची सीमाच पुसली गेली. पुढे 1 जानेवारी 1954 रोजी बार्शी लाइट सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली.

स्थानक ओसाड का पडले?

मग रामलिंगचे स्थानक का संपले? याचे सर्वांना पटणारे उत्तर सोपे आहे. सरकारने दुर्लक्ष केले, एसटी आणि ट्रक आले, लोक गाडी विसरले. हे काही अंशी खरे आहे. पण संपूर्ण सत्य याहून वेगळे आहे आणि ते ऐकायला थोडे कठीण आहे.

धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण. पण कॅलथ्रॉपची गाडी त्या शहराला वळसा घालून, घाटातून थेट येडशीला जात होती. कंपनीला बार्शी आणि लातूर या पेठा जोडायच्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणाशी तिला कर्तव्य नव्हते. त्यामुळे जिल्हाधिकारी, न्यायालये आणि महाविद्यालये असलेले शहर शतकभर रेल्वेविना राहिले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा रूळ त्या शहराकडे वळवावेत, असा निर्णय झाला. 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर मार्ग मोठा झाला. धाराशिवला न्याय मिळाला आणि रामलिंगच्या घाटातील वाट सुटली.

हा निर्णय योग्य होता का? त्याचे उत्तर आठ वर्षांनी मिळाले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. पाण्याची ही वाट म्हणजे शतकापूर्वीच्या बार्शी लाइटचीच वाट. परंतु तेथे अडीच फुटांचे रूळच राहिले असते, तर राजस्थानातील कोट्याहून आलेल्या त्या ब्रॉडगेजच्या टाक्या मिरजेपुढे सरकल्याच नसत्या. लातूरच्या नळाला आलेल्या त्या पाण्यात रामलिंगच्या स्थानकाचा त्याग मिसळलेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

म्हणून ओसाड स्थानक दिसले की प्रत्येक वेळी हळहळण्याचे कारण नाही. काही स्थानके मोठ्या हितासाठी निवृत्त होतात. त्यांचे स्मरण कृतज्ञतेने ठेवावे. काही स्थानके मात्र समाजाच्या उदासीनतेने मरतात. तो मृत्यू अपमानाचा असतो. आष्टीने भ्यायचे आहे ते या दुसऱ्या मृत्यूला.

मॅनिफोल्डचे खोरे

दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूचे उदाहरण स्वतः कॅलथ्रॉपच्याच मायदेशात आहे. बार्शीचा प्रयोग यशस्वी झाल्यावर इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात त्याने अगदी याच धर्तीवर, अडीच फुटी रुळांची गाडी आखली. ती 1904 मध्ये सुरू झाली. तंत्र तेच, अभियंता तोच. इंजिनांचा आराखडाही बार्शीच्या अनुभवावर बेतलेला. बार्शीची गाडी शंभर वर्षे चालली. मॅनिफोल्डची गाडी तीस वर्षांत, 1934 मध्ये बंद पडली.

का? त्या खोऱ्यात वस्ती विरळ होती. स्थानके गावांपासून लांब होती. मुख्य आधार दुधाच्या वाहतुकीचा. दूध मोटारलॉरीवर गेले आणि गाडीला काम उरले नाही. बार्शीच्या गाडीपाशी मात्र कापूस होता, धान्य होते, पंढरीचा वारकरी होता आणि आठवड्याचा बाजार होता. स्थानक केवळ तंत्राने जगत नाही. त्याच्या भोवतीचा समाज त्याला रोज काही काम देतो, म्हणून ते जगते.

मात्र एका बाबतीत इंग्लंडकडून शिकावे असे आहे. मॅनिफोल्डचे रूळ काढल्यावर त्यांनी ती वाट पादचाऱ्यांसाठी राखली. आज लोक तेथून चालत जातात आणि वाटेत त्यांना गाडीचा इतिहास वाचायला मिळतो. रामलिंगच्या घाटात अशी वाट होऊ शकत नाही का? अभयारण्याचे नियम सांभाळून, मंदिराकडे येणाऱ्या भाविकाला बार्शी लाइटची चार वाक्यांची माहिती देणारा फलक तरी लावता येईल. आपल्याकडे गड-किल्ल्यांचा अभिमान आहे, तो असलाच पाहिजे. पण ज्या वाटांनी आजोबा-पणजोबांनी कापूस विकला, पंढरी गाठली, त्या वाटाही इतिहासच आहेत.

आष्टीची सत्तावीस वर्षे

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नकाशा समोर ठेवला तर बीडचे दुर्दैव एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. पश्चिमेला नगरवरून जाणारा दौंड–मनमाड मार्ग एकोणिसाव्या शतकातला. उत्तरेला जालना, परभणी, नांदेड जोडणारा मनमाड–हैदराबाद मार्ग 1900 च्या सुमाराचा. दक्षिणेला बार्शी लाइट. पूर्वेला परळीपर्यंत आलेला निजामी काळातील फाटा. चहूबाजूंनी रूळ आणि मध्ये बीड शहर, पाटोदा, आष्टी कोरडेच. इंग्रजांना येथे कापसाची मोठी पेठ दिसली नाही आणि निजामाला प्रजेची गरज दिसली नाही.

अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 मध्ये मंजूर झाला. तेव्हाचा अंदाजित खर्च होता सुमारे 353 कोटी रुपये. पुढे तो 4,800 कोटींच्या वर गेला. म्हणजे तेरा पटींहून अधिक! उशिराची किंमत कोण मोजतो? ती सामान्य करदाताच मोजतो. खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलावा, असे ठरल्यावर कामाला बळ मिळाले. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. 3 जून 2014 रोजी त्यांचे अकाली निधन झाले आणि गाडी पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. 23 सप्टेंबर 2022 रोजी नगरहून 66 किलोमीटरवरील न्यू आष्टी स्थानकापर्यंत डेमू गाडी सुरू झाली. मंजुरीपासून सत्तावीस वर्षांनी! कॅलथ्रॉपने कंपनी स्थापन केल्यावर दोन वर्षांत 21 मैल पूर्ण केले होते. भूसंपादन, पूल आणि आजची मानके यांचा विचार केला तरी ही तुलना अस्वस्थ करते आणि ती करावी.

पाटीवर 'न्यू आष्टी' का, असा प्रश्न मुले विचारतात. रेल्वेच्या यादीत आष्टी नावाचे स्थानक आधीपासून आहे. ते कुर्डुवाडी–पंढरपूर वाटेवर, म्हणजे जुन्या बार्शी लाइटवरच आहे. 1818 च्या फेब्रुवारीत मराठ्यांचे सेनापती बापू गोखले यांनी जेथे देह ठेवला, तो त्या आष्टीचा परिसर. एका आष्टीने स्वराज्याची अखेरची झुंज पाहिली. दुसऱ्या आष्टीने स्वतंत्र देशात आपल्या हक्काच्या गाडीसाठी दीर्घ काळ वाट पाहिली.

16 ऑक्टोबर 2023 रोजी आष्टीहून नगरकडे निघालेल्या गाडीला नारायणडोहच्या पुढे आग लागली आणि पाच डबे जळाले. ईश्वरकृपेने सर्व प्रवासी सुखरूप उतरले. अखेर 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरची गाडी सुरू झाली. निजामी जोखडातून मुक्त झाल्यावर तब्बल 77 वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी आली.

आता कर्तव्य आपले

मागणीचे पर्व बव्हंशी संपले. आता वापराचे पर्व सुरू झाले आहे आणि ते अधिक कठीण आहे. आंदोलनाला दिवस ठरलेला असतो. वापर रोज करावा लागतो.

पहिली गोष्ट मालाची. कडा ही कांद्याची नावाजलेली बाजारपेठ आणि तेथे स्थानकही आहे. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला निघाली. सांगोला हे जुन्या बार्शी लाइटवरीलच गाव. तेथील शेतकरी आणि व्यापारी गाडी भरेल एवढा माल एकत्र करू शकले, म्हणून सांगोल्याचे डाळिंब बंगालला गेले. एकेकट्या शेतकऱ्याला रेल्वे डबा देत नाही. शेतकऱ्यांचे गट, बाजार समिती आणि व्यापारी एकत्र बसले आणि 'इतका माल, इतक्या दिवशी' असे लेखी सांगू शकले, तर मालधक्क्याच्या मागणीला वजन येते.

दुसरी गोष्ट माणसांची. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे या तालुक्यांतील हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलांच्या शाळा सुटतात, म्हातारी माणसे गावात एकटी राहतात. एका गाडीने हे चित्र पालटेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण आष्टीची मुलगी सकाळी अहिल्यानगरच्या महाविद्यालयात जाऊन सायंकाळी घरी परतू शकली, येथील तरुण तेथील औद्योगिक वसाहतीत काम करून रात्री आपल्या आईच्या हातची भाकरी खाऊ शकला, तर पुढच्या पिढीचा कोयता सुटण्याची एक वाट तरी मोकळी होईल. त्यासाठी गाडीची वेळ महाविद्यालयाच्या आणि कामाच्या पाळ्यांच्या वेळेशी जुळली पाहिजे. किती विद्यार्थी, किती कामगार, कोणत्या वेळी, याची यादी गावोगाव जाऊन तयार करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. भाषणापेक्षा अशी एक वही अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. तालुक्यात सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे, शेजारी मढीला कानिफनाथांचे. बार्शी लाइटला पंढरीने जगविले. नाथपंथीयांच्या या यात्रा आपल्या गाडीला का जगवू शकणार नाहीत? यात्रेच्या दिवशी स्थानकापासून एसटीची जोडणी आणि पिण्याच्या पाण्याची सोय एवढे झाले तरी भाविक गाडीकडे वळेल.

आणि चौथी गोष्ट निगराणीची. जवळच जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या टिकल्या, कारण बांधण्याबरोबर त्या चालविण्याचीही व्यवस्था त्यांनी लावून दिली होती. आपण सार्वजनिक वास्तूचे उद्घाटन थाटाने करतो आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'सरकारची' होते. स्थानकाची भिंत पिचकारीने रंगविणारा हात आणि विनातिकीट बसणारा प्रवासी, हे दोघे मिळून गाडी बंद करण्याच्या अर्जावर रोज एक सही करीत असतात. तिकीट खिडकीवर विकले गेलेले प्रत्येक तिकीट हे गाडी चालू राहावी यासाठी दिलेले एक मत आहे.

रामलिंगच्या स्थानकाने शंभर वर्षे सेवा केली आणि मोठ्या मार्गासाठी ते बाजूला झाले. त्याला कोणी नावे ठेवू शकत नाही. आष्टीच्या स्थानकाचे आयुष्य आता कुठे सुरू झाले आहे. त्याचे पुढे काय झाले, हे पन्नास वर्षांनी कोणी लिहील, तेव्हा तो रेल्वे खात्याचा नव्हे, आष्टीच्या समाजाचा इतिहास असेल. तो अभिमानाने वाचता येईल असा घडविणे आपल्या हाती आहे. एवढे आवाहन करून हा विषय येथे पूर्ण होतो.

भारत माता की जय!